पडद्यामागचा मजकूर

“मॅडम, फाइल उघडली. पण ती मराठीत नाहीये.”

माझी एक विद्यार्थिनी फोनवर असं म्हणाली तेव्हा मला वाटलं, चुकून दुसरीच फाइल गेली असणार. मी अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. करोनाच्या टाळेबंदीचे दिवस होते आणि आम्ही सगळेच शिक्षक रात्र रात्र बसून नोट्स टाइप करून वर्गाच्या गटावर पाठवत होतो. मी माझ्या संगणकावर तीच फाइल उघडली. स्वच्छ मराठी, ठळक मथळे, नीट पाडलेले परिच्छेद. “अगं, मला तर सगळं मराठीतच दिसतंय,” मी म्हटलं. “थांबा, ऐकवते,” असं म्हणून तिने फोन लॅपटॉपच्या स्पीकरपाशी धरला. संगणकाचा आवाज इंग्रजी अक्षरांमागून अक्षरं वाचत चालला होता. मध्येच एखादा स्वल्पविराम, मध्येच चौकोनी कंस, मग महिरपी कंस. मोसमी वाऱ्यांवरचा माझा आवडता धडा होता तो.

ही मुलगी जन्मापासून पूर्ण अंध आहे. लॅपटॉपवर ती ‘एनव्हीडीए’ नावाचा स्क्रीन रीडर वापरते. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली एनव्हीडीए लिहायला घेतला. बाजारातले स्क्रीन रीडर फार महाग होते, आणि डोळस माणसाला फुकट मिळणाऱ्या पडद्यासाठी अंध माणसाने वेगळे पैसे का मोजायचे, हा त्याचा प्रश्न होता. आज एनव्हीडीए कुणालाही मोफत मिळतो आणि मराठीही वाचतो. अँड्रॉइड फोनमध्ये तर ‘टॉकबॅक’ ही तशीच सोय बहुतेक वेळा आधीपासूनच असते. म्हणजे तिच्याकडे साधन होतं, ते चालवण्याचा सराव होता, इंटरनेट होतं. कमी होती ती माझ्या फाइलमध्ये.

कमी कसली, हे समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले. मी वर्षानुवर्षं कृतिदेव फाँटमध्ये टाइप करत आले होते. या फाँटमध्ये ‘कमल’ लिहायचं तर बोटं डी, ई आणि वाय या कळांवर पडतात, आणि संगणकाच्या पोटात साठतात ती हीच तीन इंग्रजी अक्षरं. फाँट फक्त त्यांच्या अंगावर देवनागरी अक्षरांचं चित्र चढवतो. डीच्या जागी ‘क’चं चित्र, ईच्या जागी ‘म’चं, वायच्या जागी ‘ल’चं. ‘दिवस’ लिहिताना एफ, एन, ओ, एल असं साठतं. त्यातही वेलांटी आधी आणि ‘द’ नंतर, कारण टाइपरायटरवर ती तशीच मारावी लागायची. ‘ख’साठी चौकोनी कंस लागतो, ‘क्ष’साठी महिरपी. डोळ्यांना चित्र दिसतं म्हणून आपण मराठी वाचतो. स्क्रीन रीडर चित्र पाहत नाही, तो मागे साठलेली अक्षरं वाचतो. मला दिसत होतं ते मराठी, आणि तिला ऐकू येत होती ती माझ्या बोटांखालची कळफलकाची खडखड.

या जुन्या फाँटांना दोष देऊन चालणार नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांत संगणकावर मराठी उमटवण्याची दुसरी सोपी वाट नव्हती. प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने कुठल्या कळेवर कुठलं अक्षर बसवायचं ते ठरवलं. म्हणूनच एका फाँटमधलं पत्र दुसऱ्या संगणकावर उघडलं की ‘फाँट पाठवा’ असा निरोप यायचा. डोळस माणूस फाँट मागवून मोकळा होत असे. अंध विद्यार्थ्याच्या संगणकावर तो फाँट असला तरी त्याचा त्याला काडीचा उपयोग नाही.

युनिकोडने ही गाठ सोडवली. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. त्यात जगातल्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे. देवनागरी ‘क’चा ०९१५, ‘ल’चा ०९३२ आणि आपल्या ‘ळ’चा ०९३३. फाँट कुठलाही असो, क्रमांक तोच. शिवाय अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठतात. ‘कि’ मध्ये वेलांटी डोळ्यांना आधी दिसली तरी साठवताना आधी ‘क’ येतो, मग वेलांटी. विंडोज २००० पासून संगणकांवर युनिकोड देवनागरी आली आणि तिच्याबरोबर ‘मंगल’ हा फाँट. तो घडवला र. कृ. जोशी यांनी, म्हणजे मराठीतले कवी आणि सुलेखनकार, अक्षरांवर जीव असलेला माणूस. पुढे राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’, ‘यशोवेणू’ असे देखणे युनिकोड फाँट मोफत दिले. युनिकोड फाँट दिसायला बरे नाहीत, ही जुनी तक्रार आता करता येणार नाही.

माझ्या साठ-सत्तर पानांच्या नोट्स मी फाँट बदलणाऱ्या प्रोग्राममधून काढल्या आणि ओळीओळीने तपासल्या. रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसलेले, जोडाक्षरं फुटलेली. ते काम करताना एक गोष्ट मनात पक्की झाली आणि आजही मी ती स्टाफरूममध्ये सांगत असते. अंध, कर्णबधिर किंवा वाचन जड जाणाऱ्या मुलांसाठी डिजिटल साहित्य सुलभ करायचं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर महागडी यंत्रं येतात, खास निधी येतो, खास शिक्षक येतात. तेही लागतंच. पण दार उघडं राहणार की बंद होणार, हे बहुतेक वेळा पहिल्या तासाला ठरतं, आणि ते ठरवतो टाइप करायला बसलेला माणूस.

पीडीएफचंच घ्या. शाळेत सगळ्यात जास्त फिरते ती पीडीएफ, आणि सगळ्यात जास्त अडवते तीही पीडीएफच. छापील पान फोनने टिपून बनवलेली पीडीएफ म्हणजे नुसता फोटो असतो. त्यावर स्क्रीन रीडर एक तर गप्प बसतो, नाही तर पान रिकामं असल्याचं सांगतो. दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. पान युनिकोडमध्येच लागलेलं असतं, दिसतंही छान, पण पीडीएफ होताना मागचे क्रमांक विसकटतात. पीडीएफच्या लेखी पान म्हणजे ठरावीक जागी काढलेल्या आकृत्या. कुठली आकृती कुठल्या अक्षराची, ही नोंद फाइलमध्ये वेगळी ठेवावी लागते. इंग्रजीत आकृती आणि अक्षर यांची जोडी सरळ असते. मराठीत ‘क्ष’, ‘त्र’ यांची आकृती एक आणि अक्षरं दोन-तीन. नोंद चुकली की ‘शिक्षण’ मधली वेलांटी ‘श’च्या पुढे निसटते, ‘क्ष’ गायब होतो आणि कानावर पडतं ते कुठल्याच भाषेतलं नसतं.

हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. पीडीएफमधला एक परिच्छेद माउसने निवडायचा, कॉपी करायचा, नोटपॅडमध्ये चिकटवायचा आणि वाचून पाहायचा. निवडताच आला नाही तर तो फोटो आहे. तुटका-फुटका उतरला तर अंध मुलाला तसाच तुटका-फुटका ऐकू येणार. नीट उतरला तर पहिली पायरी ओलांडली. अर्धं मिनिट लागतं. कुठलीही मराठी पीडीएफ विद्यार्थ्यांना पाठवण्याआधी हे अर्धं मिनिट द्यावं, एवढा एकच नियम राज्यातल्या सगळ्या शिक्षकांनी पाळला तरी केवढा फरक पडेल!

फोटोतला मजकूर ओळखून देणारे प्रोग्राम आहेत, आणि मराठीसाठी ते आता बरेच सुधारले आहेत. पण ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत ते अजून चकतात, अनुस्वार गिळतात. कथेत एखादं अक्षर चुकलं तर मूल संदर्भाने सावरून घेतं. भूगोलात ‘घाट’चा ‘धाट’ झाला, ३८च्या जागी ३६ आलं, तर सावरणार कसं? म्हणून अशा मजकुराला कुणीतरी डोळस माणसाने शेजारी मूळ पान ठेवून तपासावं लागतं. पुण्या-मुंबईत आणि इतरही गावांत हे काम निवृत्त शिक्षिका, बँकेतून बाहेर पडलेले काका, कॉलेजची मुलं वर्षानुवर्षं करत आली आहेत. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण त्या कामाचा विचार करताना मला एका गोष्टीचं दुःख होतं. आज छापलं जाणारं प्रत्येक मराठी पुस्तक आधी संगणकावर अक्षरं म्हणूनच जन्माला येतं. ते कागदावर छापतात. मग कुणीतरी त्या कागदाचे फोटो काढतं, फोटोतून पुन्हा अक्षरं काढतं आणि पुन्हा तपासतं. महिनाभर राबून आपण तिथेच येतो, जिथे छापखान्याच्या संगणकावर ते पुस्तक पहिल्या दिवशी होतं. मी एकदा एका संदर्भपुस्तकाच्या प्रकाशकांकडे माझ्या विद्यार्थिनीसाठी मूळ फाइल मागितली होती. फाइल बाहेर गेली तर चोरी होईल, असं उत्तर आलं. त्यांची भीती खोटी नव्हती. पण तिला ते पुस्तक मिळेपर्यंत परीक्षा होऊन गेली होती.

कायदा याबाबतीत मुलांच्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून दिव्यांग व्यक्तीसाठी, नफा न कमावता, पुस्तकाची सुलभ प्रत करायला लेखक-प्रकाशकाची परवानगी लागत नाही. पुढच्या वर्षी मोरोक्कोतल्या माराकेश शहरात छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. अशा प्रतींची देशोदेशी देवाणघेवाण त्याने शक्य झाली, आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत होता. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. वेगवेगळ्या संस्थांनी तयार केलेल्या सुलभ प्रती तिथे एकत्र मिळतात, म्हणजे एकच पुस्तक मुंबईत आणि नागपुरात दोनदा करायला नको. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिबाधितांसाठीचं संसाधन केंद्र आहे. दिव्यांग विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षकाने अशा केंद्रांची ओळख करून घ्यावी. मला ती व्हायला फार उशीर झाला.

नीट युनिकोडमध्ये टाइप केलेली एक फाइल म्हणजे पेरणीचं बियाणं आहे. तिच्यातून आवाज निघतो, अल्पदृष्टी मुलासाठी अठ्ठावीस पॉइंटची मोठी अक्षरं निघतात आणि ब्रेलही निघतं. भारतीय भाषांसाठीची भारती ब्रेल १९५१ साली ठरली. तिच्यात मराठी ‘क’, तमिळ ‘क’ आणि बंगाली ‘क’ सहा टिंबांच्या एकाच रचनेने लिहितात. त्यामुळे युनिकोड मजकुराचं ब्रेल करणं हे प्रोग्रामसाठी काही सेकंदांचं काम आहे. ब्रेल जुनं झालं, आता सगळं ऐकता येतं, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. नुसतं ऐकून शिकलेल्या मुलाला ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक कुठून कळणार? शुद्धलेखन बोटांखालून किंवा डोळ्यांखालून गेल्याशिवाय येत नाही.

आता मथळ्यांकडे येते. मी मथळे ठळक करून, अक्षरं मोठी करून लिहायची. ती म्हणाली, “मॅडम, मला पूर्ण धडा पहिल्यापासून ऐकावा लागतो. मधलं काही शोधता येत नाही.” डोळस मूल पानावरून नजर फिरवतं आणि ‘मान्सूनची माघार’ या मथळ्यावर येऊन थांबतं. एनव्हीडीएमध्ये यासाठी एच ही कळ आहे. ती दाबली की पुढच्या मथळ्यावर उडी जाते. पण मथळा हा मथळा आहे हे फाइलला सांगितलेलं असेल तरच. वर्डमध्ये वरच्या पट्टीत ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ अशा शैली असतात. त्या वापरल्या की झालं. नुसतं ठळक केलेलं अक्षर यंत्राच्या लेखी फक्त जाड अक्षर असतं. त्याच दिवशी मी सगळ्या मथळ्यांना शैली लावल्या. पुढच्या आठवड्यात ती म्हणाली की उजळणीला आता अर्धा वेळ लागतो.

तक्त्यांचंही तसंच. स्पेस देत देत खाली-वर जुळवलेला पावसाचा तक्ता कानाला नुसती आकड्यांची माळ वाटतो. खरा तक्ता घातला आणि पहिली ओळ शीर्षकाची आहे असं नोंदवलं, तर स्क्रीन रीडर प्रत्येक आकड्याआधी गावाचं आणि महिन्याचं नाव सांगू शकतो. दोन-तीन चौकटी एकत्र केल्या की मात्र तो गोंधळतो, म्हणून तक्ता साधाच ठेवावा. आणि वर्डची पीडीएफ करताना ‘प्रिंट’मधून करू नये, ‘सेव्ह ॲज’मधून करावी. प्रिंटमधून केली की मथळ्या-तक्त्यांची ही सगळी माहिती गळून पडते.

भूगोलाच्या शिक्षकाची खरी परीक्षा होते ती नकाशापाशी. चित्रामागे शब्दांत वर्णन लिहून ठेवता येतं. ते पडद्यावर दिसत नाही, स्क्रीन रीडरला मात्र सापडतं. पहिल्यांदा मी तिथे ‘महाराष्ट्रातील नद्यांचा नकाशा’ एवढंच लिहिलं होतं. ते म्हणजे जेवायला बोलावून पदार्थांची यादी वाचून दाखवण्यासारखं झालं. नकाशा कशासाठी दिला आहे हा प्रश्न स्वतःला विचारल्यावर मला लिहिता आलं. धडा गोदावरी खोऱ्याचा होता, म्हणून असं लिहिलं: “गोदावरी राज्याच्या पश्चिम बाजूला, त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते. अरबी समुद्र तिथून जवळ असूनही ती पूर्वेकडे वळते. नाशिक, पैठण, नांदेड अशी आग्नेयेकडे उतरत ती तेलंगणात जाते. एकूण लांबी १,४६५ किलोमीटर.” कोकणातल्या नद्या, तालुक्यांच्या सीमा, रेल्वेमार्ग सोडून दिले. वर्णन म्हणजे चित्रातलं सगळं सांगणं असा माझा आधी समज होता. मुलाला त्या चित्रातून जे घ्यायचं आहे ते हातात देणं, हे खरं वर्णन. शोभेसाठी टाकलेल्या ढगाच्या, छत्रीच्या चित्राला वर्णनाची गरजच नसते. ते शोभेचं आहे अशी खूण केली की स्क्रीन रीडर त्याला ओलांडून पुढे जातो.

यामुळे माझं तोंडी शिकवणंही बदललं. व्हिडिओ करताना मी नकाशावर बोट ठेवून म्हणायची, “वारे इकडून येतात, इथे अडतात, इकडे भरपूर पाऊस पडतो आणि इकडे काहीच नाही.” डोळे मिटून हे वाक्य ऐका. आता मी म्हणते, “नैऋत्येकडून, अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीला अडतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तिथून जेमतेम तीस किलोमीटरवरच्या वाईला हजारही नाही.” हा बदल मी एकीसाठी केला. पुढे शेतात काम करता करता कानात हेडफोन घालून धडा ऐकणारी दोन मुलं म्हणाली की आता त्यांनाही नुसतं ऐकून समजतं.

गणिताच्या सरांपुढची अडचण माझ्यापेक्षा मोठी होती. ‘एक भागिले दोन अधिक क्ष’ असं ऐकलं तर क्ष छेदात आहे की अपूर्णांकाच्या बाहेर? डोळ्यांना एका आडव्या रेघेने कळणारी गोष्ट कानांना कशी कळावी? या प्रश्नावर आयुष्य घालवलेला एक माणूस पुण्याचाच आहे. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५चा. चौदाव्या वर्षी काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. नौरोसजी वाडिया महाविद्यालयात गणित शिकून ते आयआयटी मुंबईत गेले आणि तिथून अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात. १९९४ साली त्यांनी तिथे पीएच.डी.साठी केलेला ‘ॲस्टर’ हा प्रोग्राम गणिताची समीकरणं मोठ्याने वाचतो. घातांक आला की आवाज चढतो, पायाशी लिहिलेला अंक आला की उतरतो. रेघ आणि कंस जे काम डोळ्यांसाठी करतात, ते त्यांनी आवाजाच्या चढ-उताराने कानांसाठी केलं. प्रोग्रामचं नाव त्यांच्या मार्गदर्शक कुत्र्याचं. पुढे गुगलमध्ये टॉकबॅकच्या सुरुवातीच्या घडणीतही त्यांचा मोठा हात होता. वाडियाच्या वर्गात कुणीतरी या मुलाला समीकरणं वाचून दाखवली असतील. त्या वाचणाऱ्यांची मला नेहमी आठवण येते.

पण रामन यांची युक्ती असो की आजचे प्रोग्राम, समीकरण अक्षरांत लिहिलेलं असलं तरच ते चालतात. समीकरणाचा फोटो चिकटवला की सगळं थांबतं. वर्डमध्ये समीकरणं लिहायची वेगळी सोय आहे, ती शिकायला एक दुपार पुरते.

दोन वर्षांनी माझ्या वर्गात एक कर्णबधिर मुलगा आला, आणि मला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं. माझे व्हिडिओ आता अंध मुलीला उत्तम ऐकू येत होते, पण त्याच्यासाठी ते मुके होते. बोलता बोलता मी फळ्याकडे वळायची, तेव्हा माझे ओठही त्याला दिसायचे नाहीत. यंत्राने आपोआप केलेली मराठी उपशीर्षकं लावली, तर ‘प्रत्यावर्त’च्या जागी ‘आवर्त’ आलं. भूगोल येणाऱ्याला कळेल की अर्थ नेमका उलटा झाला. म्हणून उपशीर्षकं हाताने दुरुस्त करणं आलं. दहा मिनिटांच्या व्हिडिओला मला तासभर लागतो. म्हणून मी व्हिडिओ कमी करते, पण जो करते तो पूर्ण करते.

उपशीर्षकं दिली की कर्णबधिर मुलांचं काम झालं, असं मात्र समजू नये. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाची पहिली भाषा बहुतेक वेळा खुणांची असते आणि तिचं व्याकरण तिचं स्वतःचं असतं. मराठी त्याच्यासाठी नंतर, कष्टाने शिकलेली भाषा आहे. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. त्याच्या शब्दकोशात २०२१ सालीच दहा हजार शब्द झाले होते. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये या केंद्राने एनसीईआरटीशी करार केला आणि शालेय पुस्तकं सांकेतिक भाषेत आणायचं काम सुरू झालं. माझ्या विद्यार्थ्यासाठी मी एवढंच करू शकले की प्रत्येक धड्याआधी त्यातल्या वीस-पंचवीस अवघड शब्दांची चित्रांसह यादी दिली आणि वाक्यं लहान केली.

ती यादी सगळ्यात जास्त वापरली दुसऱ्याच एका मुलाने. त्याला अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया) होती. तो हुशार, बोलण्यात चुणचुणीत, पण ओळ वाचता वाचता हरवायचा. ‘प’ आणि ‘ष’, ‘ब’ आणि ‘व’ त्याच्यासाठी जागा बदलत राहायचे. मुंबईत १९९६ साली महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली, २००७ साली ‘तारे जमीन पर’ हा अशाच मुलावरचा चित्रपट घरोघरी पाहिला गेला, तरी अशा मुलाला आळशी म्हणणारे पालक मला अजून भेटतात. त्याच्यासाठी मी ओळींमधलं अंतर वाढवलं. देवनागरीला ते इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, कारण वर रफार-मात्रा आणि खाली उकार असतो. दोन्ही कडा सरळ करण्याची सवय सोडली, कारण त्यात शब्दांमधली अंतरं वेडीवाकडी होतात. शब्द वाचला जात असताना तो पडद्यावर उजळत जातो, अशी सोय त्याला दाखवली. आणि ती सोय चालली ती केवळ मजकूर युनिकोडमध्ये होता म्हणून. अंध मुलीसाठी केलेल्या कामाचा असा उपयोग होईल, हे मला आधी सुचलंही नव्हतं.

रंगांविषयी थोडक्यात सांगते. ‘लाल शब्द पाठ करा’ असं लिहिलं तर रंगांधळ्या मुलाला ते शब्द सापडत नाहीत, म्हणून रंगाबरोबर ठळक अक्षर किंवा चिन्हही द्यावं. पिवळ्यावर पांढरं, करड्यावर फिकट निळं असं लिहू नये. वेबसाइटच्या सुलभतेसाठी जगभर पाळल्या जाणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान साडेचारास एक असावा असं म्हटलं आहे. तो मोजून देणाऱ्या मोफत सोयी आहेत.

ऑनलाइन चाचणीचं मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. लेखी परीक्षेत दिव्यांग विद्यार्थ्याला तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ द्यावा, असं केंद्र सरकारने २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं. लेखनिकाचीही तरतूद आहे. या सवलती मिळवायला लोकांनी किती वर्षं खेटे घातले! आणि आज आपण अशी चाचणी बनवतो की प्रत्येक प्रश्नाला तीस सेकंद, मग पडदा आपोआप पुढे. स्क्रीन रीडरला प्रश्न आणि चार पर्याय वाचायलाच तेवढा वेळ लागतो. ‘योग्य जोडी ओढून लावा’ हा प्रश्न माउस धरू न शकणाऱ्या मुलाने कसा सोडवावा? माझ्या माहितीतल्या एका मुलाचे हात सेरेब्रल पाल्सीमुळे थरथरतात. तो कळफलकावरची टॅब कळ दाबत एकेका पर्यायावर जातो आणि एंटर मारतो. साधी जोड्या लावण्याची यादी त्याने सहज सोडवली असती. कागदावर मिळालेला हक्क पडद्यावर असा नकळत हिरावला जातो. चाचणी बनवताना वेळेचं बंधन काढून टाकणं हे एका खुणेचं काम आहे.

२०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, त्यांतले जवळपास ३० लाख महाराष्ट्रात. तेव्हा कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते एकवीस केले, अध्ययन अक्षमता त्यात आली, आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुलभ स्वरूपात देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निकाल दिला. कायदा आहे, निकाल आहे. तो तालुक्याच्या शाळेत उतरायचा तर सहामाहीची प्रश्नपत्रिका टाइप करणाऱ्या शिक्षकाच्या आणि डीटीपीच्या दुकानात बसलेल्या मुलाच्या हातून उतरावा लागेल. डी.एल.एड., बी.एड.च्या आणि सरकारी टंकलेखन परीक्षेच्या अभ्यासात शैली, तक्ते, चित्रांची वर्णनं हे शिकवलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील स्क्रीन रीडरवर अभ्यास करून २०१६च्या नागरी सेवा परीक्षेत १२४व्या आल्या आणि आयएएस झाल्या. त्यांचा फोटो आम्ही कॉलेजच्या फलकावर लावला आहे. त्यांना वाचता येईल अशी एकही फाइल त्या वर्षी आमच्या कॉलेजच्या संगणकांवर नव्हती.

ती मुलगी आता पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझे नवे धडे मी अजूनही आधी तिला पाठवते, कारण तिच्या कानांना ज्या चुका सापडतात त्या माझ्या डोळ्यांना दिसत नाहीत. मागच्या महिन्यात तिचा निरोप आला. “मॅडम, गोदावरीच्या नकाशाच्या वर्णनात ती नांदेडनंतर तेलंगणात जाते असं लिहिलंय. आणि पुढच्या परिच्छेदात प्राणहिता नदी तिला गडचिरोलीत सिरोंच्याजवळ मिळते. राज्याबाहेर गेलेली नदी गडचिरोलीत कशी?” मी नकाशा काढून पाहिला. गोदावरी तेलंगणातून पुढे जाऊन सिरोंच्यापाशी पुन्हा महाराष्ट्राच्या हद्दीला लागते, मग काही अंतर दोन्ही राज्यांची सीमा होऊन वाहते. वीस वर्षं मी तो नकाशा फळ्यावर काढत आले आहे. हा प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नव्हता आणि मी स्वतःही कधी सांगितलं नव्हतं. वर्णनात ते वाक्य घातलं आणि फाइल पुन्हा तिला पाठवली.